राजमान्य राजेश्री सिलिकॉनराव यांस

राजमान्य राजेश्री सिलिकॉनराव यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं खरं नाव मला माहीत आहे. ट्रेलरच्या मालकीच्या कागदावर तुमच्या सहीशेजारी ते छापलेलंच आहे. पण आमच्या घरात गेली कित्येक वर्षं तुमचा उल्लेख सिलिकॉनराव असाच होतो, आणि हे नाव तुम्ही कष्टाने कमावलेलं आहे. मायना लिहितानाच अडलो होतो. मराठीत साडूला शब्द आहे, व्याह्यांना आहे, सवतीला तर आहेच. आपल्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाला काय म्हणायचं, याची सोय मात्र कुणी करून ठेवलेली नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. म्हणूनच मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं असतं, आणि वाचून मदतीला आला असतात.

आठवतं का? २०१९ चा मे महिना, मिशिगनमधलं तुमचं अंगण, आणि अंगणात उभा तो तेवीस फुटी पांढरा ट्रेलर. तुम्ही लिंबाचं सरबत दिलंत आणि दारावर थोपटत म्हणालात, "यातलं सगळं काम मी स्वतः केलंय." ज्या माणसाचं बालपण डोंबिवलीत दोन खोल्यांत सात जणांत गेलं, त्याला चाकांवरचं स्वयंपाकघर, पलंग आणि स्वतंत्र संडास दिसला की तो छताकडे बघत नाही. तुमचं ते वाक्य मला जाहिरात वाटली. तो कबुलीजबाब होता.

सोबत तुम्ही देखभालीची वही दिलीत. कातडी बांधणीची, रेशमी खुणेची. घरी येऊन उघडली तर आत एकच नोंद: "तेल बदलले." सिलिकॉनराव, ट्रेलरला इंजिन नसतं.

टायर "अगदी नवे" होते. नक्षी खरंच नवी होती. वर्षातले अकरा महिने एका जागी उभं राहणाऱ्याची नक्षी झिजणार कशी? पण टायर बसल्या बसल्या म्हातारा होतो. त्याच्या कडेला जो लांबलचक क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे त्याची जन्मपत्रिका: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तुमच्या टायरवर होतं ३५११. म्हणजे २०११ चा पस्तिसावा आठवडा. ट्रेलरचे टायर दिसायला कसेही असोत, पाच-सहा वर्षांत बदलायचे असतात. यांना आठवं चालू होतं आणि वरून तुम्ही काळं पॉलिश मारलं होतंत, लग्नात वरबापाने कलप लावावा तसं.

पण हे किरकोळ. मूळ विषय छताचा.

रत्नागिरीकडच्या आमच्या घराची कौलं दर मे महिन्यात चाळली जायची. गडी वर चढायचा, फुटकी कौलं खाली द्यायचा, सरकलेली नीट बसवायचा, आणि आजोबा अंगणात उभे राहून त्याला कुठे पाय ठेवायचा ते सांगत शिव्या घालायचे. घर जुनं झालं म्हणून कौलं चाळत नसत. पाऊस येणार म्हणून चाळत. गळायला लागल्यावर वर चढणाऱ्याला आजोबांच्या मते घरात राहायचा अधिकार नव्हता. हे आजोबा तुम्हाला मिळायला हवे होते.

आपल्या ट्रेलरचं छत म्हणजे प्लायवर चिकटवलेलं ईपीडीएम नावाचं पांढरं रबर, जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं. त्यात कारखान्यातच भोकं पाडलेली असतात: हवेच्या झडपांची, संडासाच्या टाकीच्या नळाची, फ्रिजच्या धुराड्याची, अँटेनाची. प्रत्येक भोकाभोवती आपोआप पसरून सपाट होणारं एक खास सीलंट लावतात. ते उन्हाने तडकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी वर चढून बघायचं आणि तडा दिसला की त्यावर तेच सीलंट ओतायचं. एवढंच. सिलिकॉन लावायचं नाही. सिलिकॉन त्या रबराला धड धरून राहत नाही, आणि सुटताना असा अदृश्य तुपकट थर मागे ठेवतं की त्यावर पुढे काहीही चिकटत नाही. म्हणजे स्वतः नांदत नाही आणि दुसऱ्याला नांदू देत नाही. एकदा लागलं की जागा बाटते.

मी मोजलं. अकरा ठिकाणी. पांढरं, त्यावर पारदर्शक, त्यावर काळं, आणि पुढच्या कोपऱ्यात एक तपकिरी थर, जो बहुधा दुकानात दुसरा रंग शिल्लक नव्हता तेव्हाचा. पुरातत्त्व खात्याचा माणूस आणला असता तर त्याने तुमच्या आयुष्यातले पावसाळे तारीखवार लावून दिले असते.

त्याच तपकिरी कोपऱ्याखाली, आत पलंगाच्या डोक्याशी, तुम्ही एक तसबीर टांगली होतीत. शेकोटीपाशी बसलेलं अस्वल. "ही राहू द्या, माझ्याकडून भेट," असं म्हणालात. पहिल्या पावसानंतर अस्वलाच्या खालून पिवळसर डाग उतरू लागला. मी तसबीर काढली. मागे भिंतीच्या कागदाला पुरीसारखा फुगा आला होता. अंगठ्याने दाबलं तर अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत गेला. कागद फाडला तेव्हा आतलं लाकूड हातात आलं ते उकडलेल्या सुरणासारखं, रंगाने चहाच्या चोथ्याचं, आणि वास माळ्यावर भिजून राहिलेल्या गोधडीचा. लाकूड धरून ठेवणाऱ्या स्टेपलच्या पिना गंजून केसाएवढ्या झालेल्या. त्या कोपऱ्यात ट्रेलरला फक्त सवयीने उभं राहता येत होतं. आणि तुम्हाला हे माहीत होतं, सिलिकॉनराव. अस्वल उगाच तिथे बसलं नव्हतं.

त्या वर्षीचा अख्खा ऑगस्ट गेला. प्लास्टिकच्या पट्टीने, रबर न फाडता, तुमचं सिलिकॉन खरवडत मी छतावर ओणवा. पेट्रोलसारखं काही लावून पुसायची सोय नाही, त्याने ते रबरच फुगतं. कोपऱ्याची पट्टी काढायला गेलो तर स्क्रूला चौकोनी खाच. माझ्याकडचे सगळे स्क्रूड्रायव्हर फुलीचे, नाहीतर चपटे. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत बनतात, आणि तिथल्या कारखान्यांचं या चौकोनी खाचेवर भारी प्रेम आहे. काम तिथे झपाट्याने होतं. किती झपाट्याने, ते आमच्या भिंतीत सापडलेल्या, कुठल्याच लाकडात न गेलेल्या सहा स्क्रूंवरून कळतं. त्याच गावात ट्रेलरचं संग्रहालयही आहे. १९१३ सालचा एक ट्रेलर तिथे अजून ठणठणीत उभा आहे. त्याच्यावर इमारतीचं छप्पर आहे, हा मुद्दा विसरू नये.

सडकं लाकूड काढलं, नवं बसवलं, पट्टीखाली बुटाइलची टेप घातली. ही टेप म्हणजे राखाडी, चिवट, चिक्कीच्या पाकासारखी तार धरणारी. पट्टी आवळताना ती कडेने हळूहळू बाहेर येते. सगळीकडून सारखी बाहेर आली की समजायचं, पाण्याला वाट उरली नाही. रात्री नखांतून ती काढत बसलो होतो, तेव्हा बायको म्हणाली, "घराचं बाथरूम दोन वर्षं गळतंय." मी उत्तर दिलं नाही. घर स्थावर आहे.

वायरिंगबद्दल थोडक्यात लिहितो, कारण सविस्तर लिहिताना अजून हात थरथरतो. जिथे जिथे तुम्ही दिवा, पंखा, चार्जिंगचा सॉकेट वाढवलात, तिथे तिथे स्पीकरची वायर वापरलीत. फ्यूज एकालाही नाही. तुमच्या संगीतप्रेमाबद्दल आदर आहे. मी ती सगळी काढली, दिवे एलईडी केले, शिशाच्या बॅटऱ्या जाऊन लिथियमची १०० अँपिअर-तासांची आणली. शिशाची बॅटरी निम्मी वापरली की तिला जपावं लागतं; ही जवळजवळ पूर्ण वापरता येते. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं, आणि मिशिगनचा हिवाळा तुम्ही जाणता. म्हणून नोव्हेंबरात मी तिला कडेवर घेऊन तळघरात नेतो. मुलगी म्हणते, मला लहानपणी इतकं सांभाळून कुणी उचललं नसेल.

पाणी तापवायच्या टाकीचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, बोटाएवढी जाड. पाणी पोलादाला खाण्याआधी तिला खातं. ती झिजून उसाच्या चिपाडासारखी झाली की पंधरा-वीस डॉलरची नवी घालायची. तेवढ्यात टाकी वाचते. मी पाना लावून खोललं ते चिपाडाच्या अपेक्षेने. निघालं प्लास्टिकचं बूच. म्हणजे तुम्ही एकदा कांडी बाहेर काढलीत, बघितलीत, "अरेरे, गंजली की" म्हणालात आणि फेकून दिलीत. जिची नेमणूकच गंजण्यासाठी, तिला गंजल्याबद्दल घरी पाठवलंत. आमच्या कंपनीतल्या मनुष्यबळ विभागात तुम्ही फार वर चढला असता.

आणि फ्रिज. १९२२ साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी शोधलेली ही जातकुळी: खाली गॅसची ज्योत, वर बर्फ, मध्ये अमोनिया. फिरणारा भाग एकही नाही, म्हणून तो सपाटीवर उभा असावा लागतो. कलला की आतला द्रव अडतो. त्यासाठी तुम्ही ट्रेलरच्या अंगावर दोन पाणसळी चिकटवल्यात. एक पुढे, एक मागे. दोघींचं आजवर एकदाही पटलेलं नाही. मी शेवटी ओट्यावर वाटीत पाणी ठेवून बघतो. कोथिंबीर टिकली तर ट्रेलर सपाट.

जीव मात्र एकदाच गेल्यासारखा झाला. मागच्या बंपरवर तुम्ही सायकलींसाठी लोखंडी स्टँड वेल्डिंग करून दिला होतात. भक्कम दिसायचा. आम्ही उत्तरेला निघालो: स्टँडवर चार सायकली, मागच्या कपाटात कुकर, इडलीपात्र, दहा किलो कणीक आणि खलबत्ता, कारण मिक्सरच्या चटणीला ती चव येत नाही असं आमच्याकडे मानतात. ट्रेलरच्या एकूण वजनातलं दहा ते पंधरा टक्के पुढे, गाडीच्या आकड्यावर पडायला हवं. मागे भार वाढला की पुढचं हलकं होतं आणि शेपूट कुत्र्याला हलवायला लागते. महामार्गावर तेच झालं. आरशात ट्रेलर एकदा डावीकडून दिसायचा, एकदा उजवीकडून. गाडीचा ब्रेक दाबायचा मोह होतो; तो दाबायचा नसतो. वेग सोडून, फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावायचे. ते लावले. मग विसाव्याच्या जागी उतरून वाकून पाहिलं. तो बंपर म्हणजे चार इंची पोकळ चौकोनी नळी, पातळ पत्र्याची. तिचा उपयोग संडासाची टाकी रिकामी करायचा लवचिक पाइप आत ठेवण्यापुरता. त्यावर तुम्ही कुटुंबाच्या चार सायकली बसवल्या होत्यात. वेल्डिंगच्या कडेला बोटभर चीर गेली होती. सायकली पुढे पिकअपमध्ये आल्या, खलबत्ता बायकोच्या पायाशी आला, आणि १९५७ पासून उभा असलेला पाच मैलांचा मॅकिनॉ पूल आम्ही अशा वेगाने ओलांडला की मागच्या ट्रकवाल्याचं सगळं आयुष्य त्याच्या डोळ्यांपुढून सावकाश सरकलं असेल.

इतकं सगळं असताना मी आज, इतक्या वर्षांनी, हे पत्र का लिहितोय?

गेल्या जुलैत लेक सुपिरिअरच्या काठी होतो. रात्री नऊला वादळ आलं. पलंगावरच्या झडपेच्या कडेने थेंब पडायला लागला, थेट माझ्या उशीवर. योग्य सीलंटच्या चार नळ्या माझ्याकडे होत्या, साडेतीनशे मैलांवर, घरच्या तळघरात, फळीवर, मुदतीच्या तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात माशांच्या गळाला लावायची जिवंत गांडुळं होती, सरपणाच्या मोळ्या होत्या आणि पांढऱ्या सिलिकॉनची एक नळी होती. पावसात शिडी लावून, दातांत बॅटरी धरून मी छतावर चढलो. खालून मुलगी ओरडली, "बाबा, काय लावताय?" मी म्हणालो, "तात्पुरतं आहे."

तुमच्या त्या कातडी वहीची आता बासष्ट पानं भरली आहेत. टायर, कांडी, बुटाइल, बेअरिंगचं ग्रीस, दर हिवाळ्याआधी नळांतून फिरवायचं गुलाबी अँटिफ्रीझ, सगळं तारीखवार. त्या रात्रीची नोंद मी केलेली नाही.

कळावे, लोभ आहे तसाच राहू द्यावा. वाढवू नये.

आपला,
ट्रेलरचा सध्याचा मालक

ता. क. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला तीन स्विच आहेत. पहिला बाहेरच्या दिव्याचा, दुसरा आतल्याचा. तिसरा कशाचा? वायर भिंतीत जाते आणि पुढे सापडत नाही. आम्ही सगळे रोज रात्री झोपताना तो आठवणीने बंद करतो.