पिकलबॉलचे सोवळे

पिकलबॉल शिकण्याची इच्छा उत्तरवयात ज्यांच्या मनी उपजली असेल, त्यांनी प्रथम लोणच्याचा विचार सोडावा. कारण १९६५ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर, बॅडमिंटनचे साहित्य पुरते न सापडल्यामुळे, पुढे अमेरिकन काँग्रेसचे सभासद झालेले जोएल प्रिचर्ड आणि त्यांचे स्नेही यांनी कंटाळलेल्या मुलाबाळांच्या हाती टेबलटेनिसच्या बॅटी व छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू देऊन जी तात्पुरती तजवीज केली, तीतून हा खेळ उद्भवला, आणि त्याचे नाव कुत्र्यावरून पडले की नावेवरून, हा तंटा अद्याप निकालात निघालेला नाही.

मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद. सर्व्हिस हात खालून वर नेत, तिरकस समोरच्या चौकोनात करावी. ती परतवणाऱ्याने एक टप्पा पडू द्यावा, परतून आलेल्या चेंडूचा सर्व्हिस करणाऱ्या पक्षानेही एक टप्पा पडू द्यावा, मगच चेंडू हवेत मारण्याची मुभा. जोडीचा डाव ‘शून्य, शून्य, दोन’ अशा घोषणेने सुरू होतो. कोणाचेही काही झालेले नसताना हे दोन आले कोठून, अशी पृच्छा पहिल्याच दिवशी करू नये.

खरे अध्ययन जाळ्यालगतच्या सात फुटी पट्ट्याचे. यास ‘किचन’ म्हणतात, आणि आमच्या आजीच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघराचे कायदे ज्याने बालपणी सोसले आहेत, त्याला ते नव्याने शिकवावे लागत नाहीत. चेंडूचा आत टप्पा पडला, तर खुशाल शिरावे. किंबहुना एरवीही रिकामे उभे राहण्यास हरकत नाही. परंतु चेंडू हवेतल्या हवेत मारताना पाऊल आत असेल, अथवा नुसते रेषेला लागेल, तर कसूर ठरलीच. आणि फटक्याच्या झोकाने नंतर तोल जाऊन आत पडलात, तर मध्यंतरी चेंडू मृत झाला होता ही सबबही मंजूर होत नाही. विटाळ अंगावरील वस्तूंनाही लागू आहे. प्रस्तुत लेखकाने आयुष्यातील एकमेव निर्णायक फटका मारला, प्रतिपक्ष निरुत्तर झाला, सौभाग्यवतींनी, ज्या या खेळात आमच्या भागीदार असतात, कधी नव्हे ती मान डोलावली. आणि त्याच क्षणी डोक्यावरची टोपी घरंगळून किचनमध्ये पडली. गुण प्रतिपक्षास गेला. टोपी मात्र मलाच उचलावी लागली.