कोंबडी अडली असता: नवशिक्यांसाठी सोपी कृती

ही कृती जालना जिल्ह्यातल्या, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसाठी लिहिली आहे. सोलापूरकडच्या टेंभुर्णीतही ती चालेल. कोंबडीला जिल्ह्याचं काही पडलेलं नसतं.

साहित्य: एक गावरान कोंबडी, लेकराला अंघोळ घालायचा टब, कोमट पाणी, खोबरेल, जुना टॉवेल, अंधारा कोपरा आणि सुरीला धार न लावणारी माणसं. हा शेवटचा जिन्नस आखाडात मिळत नाही. म्हणून कोंबडी शक्यतो श्रावणात आजारी पडेल असं बघावं.

आधी निदान. कोंबडी पिसं फुलवून उभी आहे, शेपूट खाली पडलंय, चाल बदकासारखी झालीय, मधूनच जोर करते, खुराड्यात जाते आणि अंडं न घालताच बाहेर येते. एवढं दिसलं की चार माणसं जमतात. एक म्हणतो मानमोडी, दुसरा म्हणतो नजर लागली, तिसरा म्हणतो वय झालं. चौथा निदानात वेळ घालवत नाही. "आजच कापा, उद्या वाया जाईल." सगळ्यांना चहा द्यावा. घरातल्या बाईची कंबर दुखते तेव्हाही आपल्याकडे तपासणी अशीच होते: पहाटे उठली, भाकरी थापल्या, म्हणजे बरी आहे. फरक इतकाच की तिचा रस्सा होत नाही.

पाचवा एखादा म्हणेल, "कोंबडा नाही ना घरात, म्हणून अडली." त्याला सांगा, पोल्ट्रीतल्या कोंबड्या जन्मात कोंबडा न बघता रोज अंडी घालतात. कोंबड्याचं काम पिल्लांपुरतं. बाकी वेळ तो नुसता आरवतो.

कोंबडी खुडूक तर झाली नाही ना, तेही बघा. खुडूक कोंबडी जागा सोडत नाही, हात नेला की फुगून चोच मारते. ती आजारी नाही, तिला आई व्हायचंय. २१ दिवस तिच्या नादी लागू नका.

आता आतलं यंत्र. कोंबडीची डावीकडचीच अंडवाहिनी कामाची असते, उजवी वाढतच नाही. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर यायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले २० तास नुसतं कवच चढण्यात जातात. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. दाण्यातून ते पुरेसं आलं नाही की ती स्वतःच्या हाडांतून काढते. तेच कॅल्शियम अंडं ढकलणाऱ्या स्नायूंनाही लागतं, म्हणून ते कमी पडलं की अंडं वाटेतच अडतं. मे महिन्यात अजून एक भर. उन्हानं कोंबडी धापा टाकते, धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ होतं. जालन्याचा मे ज्यानं काढलाय त्याला धापा समजावून सांगायला नकोत.

हात स्वच्छ धुऊन शेपटाखाली चाचपा. दोन टोकदार हाडं लागतील. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात. त्यांच्या आत कडक गोल काही लागलं तर अंडंच आहे. ते दाबू नका, फोडू तर मुळीच नका. आत फुटलेल्या कवचानं अंडवाहिनी चिरते.

टबात हाताला सोसेल असं कोमट पाणी घ्या आणि कोंबडीला पोटापर्यंत १५-२० मिनिटं बसवा. पहिली दोन मिनिटं तुम्हीही भिजाल. मग ती डोळे मिटेल. मेली असं समजून ओरडू नका, सुखावलीय. बाहेर काढून कोरडी करा, गुदद्वाराला खोबरेल लावा, अंधाऱ्या उबदार कोपऱ्यात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी डोकावू नका. पाण्यासोबत कॅल्शियम द्यायचं, पण किती ते पशुवैद्यकाला विचारून. पुढे शिंपल्याचा चुरा कायम समोर असू द्या.

दिवसभरात अंडं आलं नाही तर मात्र दवाखाना. पशुधनासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गाव सांगताना जिल्हाही सांगा. काळीपिवळीत मांडीवर कोंबडी घेऊन बसलं की भाडं जास्त की कोंबडी महाग, असा हिशेब कुणीतरी करून दाखवतोच. तो हिशेब अंडी विकून मुलांच्या वह्या आणणारीपुढे करू नये.

पोट पाण्याच्या फुग्यासारखं लागलं तर गोष्ट वेगळी: बलक आतच पोटात सांडून सूज आलेली असते. टबानं ते बरं होत नाही, आणि औषधानंही दर वेळी होत नाही. अंग बाहेर आलं असेल तर तिला लगेच वेगळी करा. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचतात, नात्याचा विचार करत नाहीत.

डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं, तर ते सांगतील तितके दिवस अंडीही खायची नाहीत आणि मटणही नाही. हे वाक्य अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणावं. चौथा माणूस चहा अर्धा टाकून उठतो.

अंडं बहुधा रात्री येतं, कधी कवचाविना, नुसतं पिशवीसारखं. सकाळी कोंबडी उकिरड्यावर असेल आणि तुमच्याकडे ओळख दाखवणार नाही. टब शेजारच्या वहिनींचा असेल तर साबणानं दोनदा घासून, उन्हात वाळवून द्या. कशाला नेला होता असं विचारलंच, तर गोधडी भिजवायला म्हणावं.