आवडती ओळ, गुण एक

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाचा पाच गुणांचा प्रश्न असतो. शीर्षकाला अर्धा गुण, कवीच्या नावाला अर्धा, ऱ्हाइम स्कीमला एक, आवडत्या ओळीला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन. रसाची इतकी काटेकोर मोजदाद मी आणखी कुठं पाहिलेली नाही, आणि हे मी उसाच्या मुलखाबद्दल बोलताना म्हणतोय.

शहादा तालुक्यातलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं गाव. सहकारात पी. के. अण्णा पाटलांचं नाव घेतल्याशिवाय या भागाची गोष्ट सुरू होत नाही. इथं दिवाळीच्या मागंपुढं दोन हंगाम एकदम पेटतात: कारखान्याचा गाळप हंगाम आणि शाळेचं दुसरं सत्र. बाहेर रस्त्यानं उसाच्या गाड्या, आत वर्गात फिगर्स ऑफ स्पीच. या भागातलं एखादं पोरगं घरी गुजरी बोलतं, दोस्ताला 'काय म्हनस भो' म्हणून अहिराणीत हटकतं, शेतावरच्या माणसांशी भिलीत भाव ठरवतं, गुरुजींशी मराठीत खोटं बोलतं आणि मोबाइलशी हिंदीत. एवढं सगळं जमणाऱ्या या पोराची 'लँग्वेज' कच्ची आहे, असं पालकसभेत ठरतं आणि त्याला क्लास लावला जातो.

क्लासमध्ये भाषा शिकवत नाहीत, भाषेच्या भागांची नावं शिकवतात. सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, हायपरबोल, अँटिथिसिस, पॅराडॉक्स, टॉटॉलॉजी, ओनोमॅटोपिया. शेवटच्या नावाचं स्पेलिंग लिहिताना इतका वेळ जातो की पुढचा प्रश्न सुटतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढं अप्पय्य दीक्षितांपर्यंत ते शंभराच्या वर गेले. तेव्हा अलंकारांची महागाई इंग्रजांनी आणलेली नाही, ती आपली घरचीच आहे. फरक एवढाच की त्या पंडितांना अलंकार सापडला की आनंद होत असे. आपल्याकडे गुण होतो.

आणि गुण मिळवण्याची युक्ती क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात. ओळीत 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' दिसलं की सिमिली. शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की इंटरॉगेशन. काहीच दिसलं नाही तर अ‍ॅलिटरेशन लिहून मोकळं व्हायचं, कारण कुठल्याही ओळीत एखादं अक्षर दोनदा येतंच. मला ही युक्ती मनापासून आवडते. कविता न वाचता कवितेवर गुण मिळवून देणारी दुसरी विद्या मला ठाऊक नाही. विद्यापीठातल्या काही समीक्षकांना असेल.

आवडत्या ओळीचं तर काय सांगावं! सर फळ्यावर ती लिहून देतात. चाळीस पोरांना एकाच कवितेतली एकच ओळ आवडते, आणि आवडण्याचं कारणही स्वल्पविरामासकट एकच असतं. एखाद्या पोरीला खरोखरच दुसरी ओळ आवडली तर तिनं काय करावं? तिनं ती मनात ठेवावी. मनातल्या ओळीला गुण नाहीत, पण कापतही नाहीत.

व्याकरणाचा कारभार याहून शिस्तीचा. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी. त्या दहा वर्षांची कमाई काय, तर पोराला 'टू' काढून 'सो... दॅट' घालता येतं. 'नो सूनर' आलं की पुढं 'दॅन' आणायचं, हे त्याला झोपेतही जमतं. 'अनलेस' वापरा, क्वेश्चन टॅग लावा, एक्स्क्लमेटरीचं असर्टिव्ह करा, सगळं जमतं. फक्त सुरतेच्या स्टेशनवर कुणी साहेबानं इंग्रजीत वाट विचारली तर तो हात लांब करून दिशा दाखवतो. रेन आणि मार्टिनच्या ज्या जाड पुस्तकानं ही शिस्त देशभर नेली, त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले, कराचीत हेडमास्तर होते. पुढं १९२४ साली त्यांनी 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी लिहिली आणि जगभर गाजले. वाळवंटातला किल्ला, कडक सार्जंट, हुकूम आला की पाळायचा, कारण विचारायचं नाही. आपल्या पेपरातल्या व्याकरणाच्या प्रश्नाचं नावही 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' असंच आहे.

इथं बहिणाबाईंचं उदाहरण द्यायची खानदेशात रीत आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं केवढी कविता केली वगैरे. ते प्रत्येक संमेलनात देऊन झालंय, त्यामुळे मी देत नाही. त्यापेक्षा सारंगखेड्याला चला. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते. तिथला व्यापारी गिऱ्हाइकाला सांगतो की हा घोडा वाऱ्याशी बोलतो. एका वाक्यात पर्सॉनिफिकेशन आणि हायपरबोल, वर किंमत ऐकली की गिऱ्हाइकाच्या तोंडून निघतं ते एक्स्क्लमेटरी. त्याचं असर्टिव्ह मात्र हातात पैसे पडल्यावरच होतं. या व्यापाऱ्याला बोर्डाच्या परीक्षेला बसवलं तर तो नापास होईल, आणि आपल्या क्लासमधल्या पहिल्या नंबराच्या पोराला यात्रेत बसवलं तर घोडा संध्याकाळपर्यंत विकला जाणार नाही.

इथपर्यंत गंमत आहे. पण अलंकार आणि प्रयोग फक्त कवी आणि घोडेवालेच वापरतात असा पोरांचा समज शाळेनं करून दिलाय, तिथं माझी खरी तक्रार आहे. पॅसिव्ह व्हॉइसचंच घ्या. वर्गात त्याचं उदाहरण ठरलेलं: रामानं रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला. दोन्हीकडे राम हजर. कुणी मारलं याबद्दल शंका नाही. आता कुठल्याही सहकारी संस्थेची, सरकारी खात्याची किंवा महामंडळाची नोटीस वाचा. 'उसाची बिले लवकरच अदा करण्यात येतील.' 'चौकशी करण्यात येत आहे.' 'दखल घेण्यात आली आहे.' यात राम कुठाय? कर्ता असा अलगद निघून गेलाय की वाक्याला पत्ता लागत नाही. पोरांना व्हॉइस बदलायला शिकवलंय, पण तो कोण बदलतो आणि का बदलतो, हे विचारायला शिकवलेलं नाही.

गंमत अशी की कायदा तेवढा कर्त्याला धरून बोलतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याजही द्यायचं. आदेशातलं हे साधं अ‍ॅक्टिव्ह वाक्य राज्यातल्या कितीतरी नोटीसबोर्डांवर पोचेपर्यंत पॅसिव्ह होतं आणि 'चौदा दिवसांत'चं 'लवकरच' होतं. 'लवकरच' हे अ‍ॅडव्हर्ब ऑफ टाइम आहे असं गाइडमध्ये छापलंय. शेतकऱ्याला विचारून छापलेलं दिसत नाही.

मेटॉनिमीचंही तसंच. एखाद्या गोष्टीचं नाव न घेता तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचं नाव घ्यायचं. गाइडमध्ये उदाहरण कायमचं ठरलेलं, लेखणी आणि तलवारीचं. लेखणी आली, तलवार आली, कोयता काही आला नाही. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून किती माणसं गुजरातकडे तोडीला गेली, ते सांगताना माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. हत्याराच्या नावानं ते चालवणारा ओळखायचा, ही बिनचूक मेटॉनिमी. पण मुकादमाच्या वहीतलं व्याकरण त्याच्याही पुढं गेलंय. संस्कृतात दोघांसाठी द्विवचन आहे, मराठीत-इंग्रजीत अनेकवचन. वहीत दोन माणसांचं एकवचन होतं. आणि माणूस एकटा असला तर तो 'अर्धा कोयता'. कवीच्या नावाला अर्धा गुण देणाऱ्यांना हा हिशोब ओळखीचा वाटावा.

त्या कोयत्यामागं पोरंही जातात. दिवाळीनंतर वर्गातली काही बाकं रिकामी होतात ती होळीच्या सुमारास भरतात. सातपुड्यातला माणूस होळीला घरी येतोच. तोवर वर्गात मेटॉनिमी शिकवून झालेली असते. जो पोरगा सगळा हिवाळा तिच्या सोबतीला फडात होता, त्याच्या हजेरीपत्रकावर तेवढ्या दिवसांचा 'ए' असतो. ऱ्हाइम स्कीम काढायला बसला तर ए ए ए ए अशी सलग निघेल. पैकीच्या पैकी गुण.

माझी बोर्डाला एक नम्र सूचना आहे. नाव पुरुषोत्तमनगरचं घेतलंय म्हणून ती तिथल्यापुरती समजू नये, राज्यातल्या कुठल्याही सहकारी संस्थेला लागू पडेल. दहावीच्या पेपरात कवितेऐवजी वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल रसग्रहणाला द्यावा. गुणांची विभागणी आहे तीच ठेवावी. शीर्षकाला अर्धा गुण, ते मोठ्या अक्षरात असतं. कवीच्या नावाचा अर्धा गुण सगळ्यांना फुकट द्यावा, कारण अहवाल लिहिण्यात आलेला असतो, कुणी लिहिलेला नसतो. यमकाचा प्रश्न सोपा: प्रत्येक परिच्छेद 'करण्यात आले' वर संपतो. आवडती ओळ मुलांनी आपली आपण निवडावी, पण मला विचाराल तर शेवटून पहिली, ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर अध्यक्षांच्या परवानगीनं विचार करण्याची. तिच्यात सस्पेन्स आहे. मध्यवर्ती कल्पनेचे दोन गुण मात्र बहुतेकांचे जातील, कारण तिथपर्यंत वाचन पोचायच्या आत मंडपातून 'मंजूर, मंजूर' सुरू झालेलं असतं. त्या ठिकाणी अलंकार ओळखा असा प्रश्न आला तर आदर्श उत्तर 'रिपिटिशन' आहे. क्लासची पोरं 'अ‍ॅलिटरेशन' लिहितील, म ला म जुळतो म्हणून. परीक्षकांनी तेही बरोबर धरावं.