सरांची ड्युटी जिनिंगवर

प्राध्यापकांनी वर्षभर उद्योगात जाऊन राहावं, तिथलं ज्ञान वर्गात आणावं, वर्गातलं तिकडे न्यावं, असा सध्या वरून आग्रह आहे. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने तर त्यासाठी फेलोशिपच काढली. शाळेतल्या गुरुजींना यात नवल काहीच नाही. जनगणना, आपत्ती, निवडणूक अशी शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाला मान्य असलेली सगळी ‘क्षेत्रं’ ते केव्हाच फिरून आलेत.

राहिले प्राध्यापक. त्यांच्या यादीत पहिलं नाव पुण्याच्या आयटीवाल्या हिंजवडीचं असणार. एसी, कॅन्टीन, गळ्यात ओळखपत्र, निघताना लेटरहेडवर प्रमाणपत्र. आमची सूचना अशी की सरांचा मुक्काम बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालला ठेवावा आणि ड्युटी संग्रामपूर-शेगाव भागातल्या एखाद्या कापसाच्या जिनिंगवर लावावी. तीही ऐन दिवाळीत, आवक सुरू असताना.

पहिल्याच दिवशी परीक्षा. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसात 8 टक्के ओलावा चालतो, त्यापुढे भाव कापतात आणि 12च्या वर गेला की गाडी परत. सर मीटर काढतील. गंजीजवळचा माणूस म्हणेल, “मीटर राहू द्या सर, आंधी आत हात घालून पाहा.” वरचा कापूस उन्हानं कोरडा, आतला गार आणि दमट, हे त्याच्या कोपरापर्यंत गेलेल्या हाताला आधीच कळलेलं असतं. दुपारी मशीन. रोलरवरच्या चामडी चकत्या झिजतात, त्यांना खाचा पाडाव्या लागतात. चामडं क्रोमनं कमावलेलं, त्याची धूळ रुईत जाते आणि कामगाराच्या छातीतही. यावर माटुंग्याच्या ‘सिरकॉट’ या संशोधन संस्थेने बिनक्रोमचा रोलर तयार केलाय. तो इथं का दिसत नाही, हे फिटरला विचारलं तर जे उत्तर मिळेल त्यावर एक चांगला शोधनिबंध होईल. पण त्यासाठी फिटरला विचारावं लागेल.

असं काही जमतच नाही असं नाही. 1933 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत प्रा. मनमोहन शर्मांसारखे शिक्षक कारखान्यांना सल्लाही देत आणि वर्गही घेत. लांब कशाला, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ बघा. तुरीच्या मुलखात तुरीचं यंत्र झालं आणि ते खेड्यापाड्यात चाललंही.

एरवी देवाणघेवाण म्हणजे सामंजस्य करार. फ्लेक्स, शाल, श्रीफळ, फोटो आणि नॅकच्या फायलीत एक पान. खेड्यात राहायला जातात ती शेवटच्या वर्षाची कृषीची पोरं. ती ग्रामीण कार्यानुभवात रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवतात, बोर्डो मिश्रण ढवळतात. ज्या शेतकऱ्यानं आयुष्यभर फवारणी केली तो कौतुकानं पाहतो, फोटोला उभा राहतो. सर येतात मूल्यमापनाला. चहा घेतात, गाडी सुरूच असते.

जिनिंगवाल्यांचीही अडचण आहेच. इथं एचआर नाही, लेटरहेड म्हणजे काट्याची पावती. सर वर्षभर थांबले तर बसवायचे कुठं, हा एक प्रश्न. दुसरा त्याहून अवघड. प्रतिनियुक्ती म्हटली की गोपनीय अहवाल आला, आणि तो तिथला वरिष्ठ लिहिणार. म्हणजे मशीनवर सरांच्या चुका सुधारणारा फिटर. बढतीची फाईल त्याच्या शेऱ्यासाठी अडलीय, हे कोणत्या प्राध्यापक संघटनेला चालेल, तेवढं एकदा विचारून घ्या.