फासा फिरतोय, थांबा

मोबाइलमधला लुडोचा फासा फिरतो कशाला, हा प्रश्न मला केरीच्या धक्क्यावर पडला. फेरीबोट पलीकडे तेरेखोलच्या काठाला, आणि शेजारी आत्या स्क्रीनवर फुंकर मारून पुटपुटतेय, "पड मरे, स पड!"

आकडा ठरवायला यंत्राला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण तो लगेच दाखवला, तर आत्यानं फुंकर मारायची कधी? म्हणून फासा गरगरतो, आणि तेवढ्यात तिचा देवाला नारळ बोलून होतो. सहा पडला तर देवाची कृपा, एक पडला तर माझी बडबड नडली.

'लुडो किंग' आपल्या नवी मुंबईचा. विकास जयस्वाल यांच्या कंपनीनं तो २०१६ मध्ये आणला आणि २०२०च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. त्यातली एक करामत मला फार आवडते. मेलेली सोंगटी मुकाट घरात जाऊन बसत नाही. आली त्याच वाटेनं, सगळ्यांच्या देखत, उलटी पळत जाते. खेळाला या वरातीची काही गरज नाही, पण मारणाऱ्याला आहे. त्या दोन क्षणांत आत्यानं सासरची जुनी उधारी वसूल केलेली मी पाहिली आहे. समोर मुंबईहून तिच्या वन्सं खेळत होत्या. पाटावरच्या लुडोत हे सुख नव्हतं. तिथं सोंगटी उचलली की संपलं, शिवाय वन्सं हात धरायच्या.

२०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश'नं मात्र थांबण्याचं दुकान मांडलं. जीव पाच, हरलात की एक गेला, तो परत यायला अर्धा तास. धीर नसेल तर पैसे मोजा. बरं, हरवतोही असा की एकच चाल कमी पडली म्हणून आपण चडफडत राहावं. सपशेल हरलेला माणूस फोन खाली ठेवतो. थोडक्यात हरलेला पाकीट काढतो. (सरकारी कचेऱ्यांना थांबवण्याची कला अवगत आहे, पण तिथं फासासुद्धा फिरत नाही.)

माझ्या मते फासा फिरवणारा खेळाडूला ओळखतो, आणि जीव विकणारा फक्त त्याचा खिसा. तेव्हा जीव संपले तर विकत घेऊ नका. पाचही परत यायला अडीच तास लागतात. तेवढ्यात केरीहून फेरीबोटीनं पलीकडे जाऊन तेरेखोलचा किल्ला निवांत पाहून येता येतं.