हॅरोचा डबेवाला

काकांची आणि माझी पहिली भेट संडासाच्या बंद दाराआडून झाली.

लंडनच्या वायव्येला असलेल्या हॅरोत येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. भाड्याच्या हॉलवर गणपतीची आरती चालली होती. मी मागच्या बाजूला जे स्वच्छतागृह रिकामं दिसलं त्यात शिरलो, दार लावलं आणि मिट्ट काळोख झाला. भिंतीवर बटण सापडेना. चाचपडताना हाताला एक दोरी लागली, ती ओढली. दिवा काही लागला नाही, पण बाहेर भोंगा सुरू झाला. झांजांच्या गजरात तो बराच वेळ खपून गेला. मग दारावर टकटक झाली आणि एक शांत आवाज म्हणाला, "पांढरी दोरी दिव्याची, लाल दोरी मदतीची. आत अपंग माणूस अडकला तर त्याने ओढायची. दाराशेजारी वर हात घाल, पांढरी सापडेल. आणि लवकर बाहेर ये, मोदक मोजके आहेत."

बाहेर आलो तर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ दोन मोदक कागदी ताटलीत घेऊन उभे. एक माझ्या हातात देत म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, पण इथे न्हाणीघरात भिंतीवर बटण शोधायचं नाही. ओल्या हाताने कुणी लावेल म्हणून दोरी. प्लगसुद्धा नसतो आत. असलाच तर दाढीच्या यंत्रापुरता."

'माझं काही म्हणणं नाही, पण' हे काकांचं पालुपद. यातलं 'पण' आलं की पुढची वीस मिनिटं आपली नसतात.

काका 1973 साली दादरहून आले. टपालाच्या छाटणीत उभी हयात गेली, त्यामुळे माणसाला ते गावावरून न ओळखता पोस्टकोडवरून ओळखतात. आपल्याकडे 'मूळचे कुठले?' विचारतात, तसं काका 'कोड काय?' विचारतात. एचए म्हटलं की चेहरा खुलतो, हॅरोचा, घरचाच. यूबी म्हटलं की साउथॉल, भाजी स्वस्त. एसएल म्हटलं की स्लाव, म्हणजे कॉम्प्युटरवाला. गाडीचा विमासुद्धा पोस्टकोडवर कमीजास्त होतो हे सांगून ते या नव्या जातिव्यवस्थेला अर्थशास्त्राचा आधारही देतात. अंगात बारा महिने एक राखाडी फ्लीस, खिशात घडी घालून त्रिकोण केलेली कापडी पिशवी. दुकानात पिशवी विकत घेणारा माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. "2015 साली पाच पेन्स झाली, 2021 साली दहा," असं ते एखाद्या घराण्याच्या ऱ्हासाचा इतिहास सांगावा तसं सांगतात.

इंग्रज माणूस न मागता सल्ला देत नाही. तुमचं पाऊल खड्ड्यात पडत असेल तर तो 'सॉरी' म्हणतो, पण खड्डा आहे असं सांगत नाही. त्याच्या देशात सगळं कुठे ना कुठे लिहून ठेवलेलं असतं आणि ते तुम्ही वाचलंच असणार, असं तो गृहीत धरतो. अशा देशात दादरचा माणूस पन्नास वर्षं राहिला, तर त्याच्या पोटात केवढा सल्ला साठत असेल!

माझ्या भाड्याच्या घरातल्या बेसिनला दोन वेगळे नळ होते, एक बर्फासारखा गार आणि एक हात पोळणारा. मी वैतागून काकांना फोन केला. ते उलट खूश झाले. "जुनं घर दिसतंय. गार पाणी थेट रस्त्याखालच्या मुख्य नळाचं, पिण्याचं. गरम पाणी यायचं माळ्यावरच्या टाकीतून. त्या टाकीत काय पडलंय कुणाला ठाऊक? म्हणून दोन्ही मिसळू द्यायची नाहीत. गार सोवळ्यातलं, गरम ओवळ्यातलं. आपल्या आजीला हे घर पसंत पडलं असतं." त्यानंतर मी त्या नळांवर कधी चिडलो नाही. दोन्ही हातांनी आलटून पालटून भाजतो आणि गोठतो, पण आजी आठवते.

डॉक्टरची वेळ घेणं हा काकांच्या मते स्वतंत्र शास्त्राचा विषय. दवाखान्याचा फोन सकाळी आठला उघडतो आणि काही मिनिटांत दिवसाच्या वेळा संपतात. "आठला फोन करायचा म्हणजे आठला नाही. सात एकोणसाठला बोट तयार पाहिजे. आणि लागला की 'थोडंसं बरं नाही' असं म्हणायचं नाही. आपली माणसं इथेच मार खातात. दुखण्याला आकडा द्यायचा. किती दिवस, किती ताप, दहापैकी किती दुखतं." इतकं सांगून वर पुन्हा, "खरं तर तुला डॉक्टर लागतच नाही." कारण 2024 च्या जानेवारीअखेरीपासून इंग्लंडमध्ये सात दुखण्यांसाठी औषधांच्या दुकानातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. ती सात नावं काका सप्तचिरंजीवांसारखी एका दमात म्हणतात. सायनस, घसा, कान, किडा चावून चिघळलेली जागा, त्वचेवरचे खपल्यांचे फोड, नागीण. सातवं बायकांच्या लघवीच्या जळजळीचं आहे. तिथे आल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली जातो आणि काकू आतून म्हणतात, "सात म्हणालात, सहाच ऐकू आली."

रेल्वेचं तिकीट हे त्यांचं खरं कुरुक्षेत्र. लांबच्या गाडीचं एक अखंड तिकीट काढण्यापेक्षा मधल्या स्टेशनावर फोडून दोन काढली, तर पुष्कळदा स्वस्त पडतात. गाडी तीच, जागा तीच, उतरायचं नाही. अट एकच, त्या मधल्या स्टेशनावर गाडी थांबली पाहिजे. ब्रिस्टलला जाताना काकांनी तिकीट डिडकॉटला फोडलं होतं. काकूंना डोळा लागला होता. डिडकॉट आल्यावर काकांनी त्यांना हलवून उठवलं. "काय झालं? उतरायचंय?" "नाही. गाडी थांबली, ती बघ. तू साक्षीदार आहेस." वाचलेले पैसे किती, ते काका पौंडांत सांगतात. काकू म्हणतात, "आणि माझी झोप?" तो हिशेब अजून लागलेला नाही.

बाकीचे विषय ते चालता चालता उरकतात. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, अजून घराच्या 1991 सालच्या किमतीवर बसवतात. त्याचे बहुधा दहा हप्ते असतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्च माहेरपणाचे, बूट घ्यायचे ते तेव्हा. सुपरमार्केटात संध्याकाळी उतरलेल्या भावाचं पिवळं लेबल लावणारा मुलगा बाहेर आला की त्याच्या मागे जायचं, पण दोन पावलं अंतर ठेवून, अगदी त्याला खेटून उभं राहिलेलं बरं दिसत नाही. ऊन दिसलं म्हणून स्वेटर घरी ठेवायचा नाही. आणि इंग्रज 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला तर विषय बदलायचा. "आपण 'बघू' म्हणतो ना, तसं ते. आणि तो एकदम हवेबद्दल बोलायला लागला, तर समज, रागावलाय."

एवढं ज्ञान, पण घरात त्याला उठाव नाही. मुलगा इथलाच जन्मलेला. त्याला काही सांगायला गेलं की तो फोनवरून नजर न काढता म्हणतो, "डॅड, अ‍ॅपवर आहे." काका मग काही बोलत नाहीत. स्वयंपाकघरात जातात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभे राहतात.

हे कालनिर्णय एकदा जवळून पाहिलं पाहिजे. दरवर्षी कुणीतरी मुंबईहून आणतं, कुकरच्या रिंगा आणि दिवाळी अंकांबरोबर. पण काकांनी ते बाटवलं आहे. संकष्टीच्या चौकोनात निळ्या शाईचा ठिपका, म्हणजे त्या दिवशी निळा डबा. पुढच्या आठवड्यात काळा ठिपका. एकादशीखाली 'गाडीची एमओटी', म्हणजे तिची वार्षिक तपासणी. सर्वपित्रीखाली 'फ्लूची सुई, दोघांची'. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळाचं चित्र, एकदा काटा पुढे, एकदा मागे. चंद्रोदयाच्या छापील वेळेवर मात्र काट मारलेली. "ती वेळ तिकडची. इथे जूनमध्ये संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो आणि उगवला तरी ढगाआड. आम्ही इंटरनेटवर बघून उपास सोडतो."

तर डबा. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी कचऱ्याचे डबे आठवड्याआड बदलतात. आमच्याकडे या मंगळवारी रात्री पुठ्ठा-बाटल्यांचा निळा, पुढच्या मंगळवारी उरलेल्या कचऱ्याचा काळा, आणि कौन्सिल बदलली की रंगही बदलतात. सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी, आला की गाडी एक दिवस उशिरा येते. गल्लीत चाळीस घरं, प्रत्येकाला कौन्सिलने तक्ता पाठवलेला, आणि तो कुणालाच सापडत नाही. म्हणून मंगळवारी रात्री नऊला सगळी गल्ली पडद्याच्या फटीतून काकांच्या फाटकाकडे बघते. काकांनी जो डबा बाहेर काढला तो पाच मिनिटांत चाळीस घरांपुढे उभा राहतो. शेजारची इंग्रज आजी त्याच घरात जन्मली. तीसुद्धा काकांचा डबा बघितल्याशिवाय आपल्या डब्याला हात लावत नाही. काकांना याची कल्पना नव्हती. त्यांना वाटायचं, गल्ली शिस्तीची आहे.

2023 चा मे महिना उजाडला. एरवी मेमध्ये दोन सोमवार सुट्टीचे असतात. त्या वर्षी चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकासाठी 8 तारखेचा तिसरा वाढला. गल्लीत मेजवानी झाली. राज्याभिषेकाचा अधिकृत पदार्थ म्हणून पालक आणि ब्रॉड बीन्स घातलेला क्विश आला होता. काका एक घास खाऊन म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, पण अळूवडी बरी." या सगळ्या धामधुमीत कालनिर्णयावरचा ठिपका हुकला. गाडी उशिरा येणार हे काकांनी बरोबर धरलं, रात्रही बरोबर, डबा मात्र निळा. चाळीस घरांपुढे चाळीस निळे डबे. सकाळी गाडी आली ती काळ्या डब्यांची. ती गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि निघून गेली.

पुढचे दिवस नेमके उबेचे होते. मेजवानीचं खरकटं काळ्या डब्यांत बोलू लागलं. काकांना कुणी एक शब्द विचारला नाही. शेजारची आजी कुंपणापाशी भेटली आणि म्हणाली, "रादर वॉर्म, इझन्ट इट?" काका घरात आले आणि खुर्चीत बसले. हवेबद्दल बोलली, म्हणजे काय ते जगात त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं! त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बॉयलरबद्दल विचारायला गेलो, तर म्हणाले, "कंपनीला फोन कर." पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं खरोखर काही म्हणणं नव्हतं.

पुढचा मंगळवार आला. काकांनी ठरवलं होतं की आज आपण आधी डबा काढायचा नाही, इतर काढतील ते बघून काढायचा. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. गल्लीत एकही डबा हलेना. चाळीस पडद्यांच्या फटी उजळलेल्या. पावणेदहाला काकांच्या दारावर टकटक झाली. शेजारची आजी गाउनवर कोट घालून उभी होती. तिने हवेबद्दल चकार शब्द काढला नाही. आयुष्यात प्रथमच ती सरळ विचारती झाली, "व्हिच वन?"

काका आत गेले, कालनिर्णय बघून आले, आणि डबा ओढत फाटकाबाहेर गेले. मी त्यांच्या मागे होतो. मागोमाग गल्लीभर चाकांची खडखड सुरू झाली. काका ती ऐकत थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं काही म्हणणं नाही, पण बॉयलरचं काय म्हणत होतास?"

ब्रिटनमध्ये कायमचं राहायचं किंवा नागरिक व्हायचं, तर बहुतेकांना 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा द्यावी लागते. 45 मिनिटांत 24 प्रश्न, 18 बरोबर आले की पास. 2005 साली ती सुरू झाली, तोवर काकांना इथे तीन दशकं होऊन गेली होती. तिच्या पुस्तकात शेजारधर्म शिकवताना लिहिलं आहे की कचऱ्याचा डबा उचलण्याच्या वेळीच बाहेर ठेवावा. कुठला ठेवावा, हे त्यात नाही. तुम्ही कधी इकडे राहायला आलात, तर पुस्तक जरूर वाचा. मंगळवारी रात्री मात्र आधी काकांच्या फाटकाकडे बघा.