जकातयुद्धात लहान राष्ट्रांचा आचारधर्म

अमेरिका आणि चीन यांच्यात जकातीवरून कलह पेटला असता, ज्या राष्ट्राचे नाव नकाशावर लिहावयास शेजारचा समुद्र वापरावा लागतो, त्या राष्ट्राच्या कारभाऱ्यांनी प्रथम जागतिक व्यापार संघटनेची नियमावली कपाटात कुलूपबंद करावी आणि लेखणी हाती घ्यावी. कारण ज्याचा खलिता आधी, त्याची सुनावणी आधी. 2 एप्रिल 2025 रोजी वॉशिंग्टनहून जकातीचे फर्मान सुटले आणि 49 टक्के पदरी आलेल्या कंबोडियाच्या पंतप्रधानांनी दोनच दिवसांत पत्र धाडून 19 प्रकारच्या अमेरिकी मालावरील जकात 5 टक्क्यांवर आणण्याची तयारी दाखविली. ऑगस्टात दर 19 टक्क्यांवर उतरला, आणि त्याच सुमारास ट्रम्पसाहेबांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचविणारे पत्रही रवाना झाले. नजराणा सोन्याच्या विटेचाच हवा असे नाही. ती ऐपत त्यांना तशी वीट भेट देणाऱ्या स्वित्झर्लंडच्या उद्योगपतींची.

दुसरे कौशल्य दोन्ही डगरींवर हात ठेवण्याचे. व्हिएतनामचे नेते तो लाम यांनी 4 एप्रिलला दूरध्वनीवरून अमेरिकी मालावर शून्य जकातीची तयारी दर्शविली, आणि 14 तारखेस हनोईत शी जिनपिंग यांचे यथासांग स्वागत करून 45 करारमदारही उरकले. यात लबाडी शोधणाऱ्याने तेथील एखादा सदरा उलटून पाहावा: कापड चीनचे, शिलाई व्हिएतनामची, गिऱ्हाईक अमेरिकेचे, त्याच्या उत्पत्तीचा दाखला लिहिताना कारकुनाने कोणाचे कुलनाम घालावे? जुलैत तोडगा निघाला: व्हिएतनामी मालास 20 टक्के, आणि तेथून केवळ वाट काढून जाणाऱ्या परक्या मालास 40.

गरिबी मात्र कटाक्षाने टाळावी. लेसोथोने 2024 साली अमेरिकेस सुमारे 24 कोटी डॉलरचा माल विकला, त्यात जीनच्या विजारी पुष्कळ, आणि तिकडून 30 लाखांचाही घेतला नाही. तेव्हा तुटीला आयातीने भागून त्याचे अर्धे करणाऱ्या हिशेबनिसांनी 50 टक्के आकारले, जे पुढे 15 झाले. विजारी शिवणाऱ्या बायांनी पगारातून एकेक अमेरिकी मोटार घेतली असती, तर हा प्रसंग खचित टळता.

सदाचरणाने निभावेल, या भ्रमात तर कोणीच राहू नये. सिंगापूरचा अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार 2004 पासून अमलात आहे, अमेरिकी मालावर तेथे जकात नाही आणि व्यापारात शिल्लक अमेरिकेच्याच बाजूस पडते. त्यास 10 टक्के लागले. पेंग्विनांखेरीज ज्यांवर कोणी गिऱ्हाईक नाही, त्या हर्ड व मॅक्डोनल्ड बेटांसही तेवढेच लागले.